वाद्याचं लाकूड निवडताना झाडाचं नाव शेवटी विचारा

वाद्य बनवायला निघालेला माणूस पहिला प्रश्न हमखास एकच विचारतो: सगळ्यात चांगलं लाकूड कुठलं? कोणी शिसवी सांगतं, कोणी सागवान, कोणी थेट आल्प्समधल्या स्प्रूसपर्यंत पोचतं. प्रश्नच अर्धवट आहे. व्हायोलिन घ्या. वरची फळी स्प्रूसची, पाठ आणि बाजू मेपलच्या, बोटं फिरतात ती काळी पट्टी एबनीची आणि गज परनांबुकोचा. एका वाद्यात चार झाडं, कारण चार कामं वेगळी आहेत. वरची फळी एबनीची केली तर वाद्य जवळजवळ मुकं होईल, आणि बोटांची पट्टी स्प्रूसची केली तर थोड्याच दिवसांत तारांखाली चर पडतील.

तेव्हा आधी काम ठरवायचं, मग हातातला तुकडा पारखायचा. झाडाचं नाव, मुलूख, वय हे सगळं त्यानंतर.

हलकी आणि ताठ

तार एकटी फारसा आवाज करत नाही. ती इतकी बारीक असते की कंप पावताना हवा तिच्या बाजूने निसटून जाते. तिचा कंप घोडीवाटे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवाटे, एका रुंद फळीत उतरतो आणि ती फळी हवा ढकलते. सतार-तंबोऱ्यात हिला तबली म्हणतात. गिटार, व्हायोलिन, पियानो यांतही ती असतेच. या फळीकडून दोन गोष्टी हव्या असतात आणि त्या एकमेकींच्या आड येतात. ती हलकी हवी, कारण तारेजवळ शक्ती अगदी थोडी असते, जड फळी तिला हलवताच येत नाही. आणि ती ताठही हवी, कारण पोलादी तारांच्या गिटारमध्ये सहा तारांचा मिळून ताण साधारण ७० किलो वजनाइतका भरतो आणि तो रात्रंदिवस घोडी ओढत असतो. जाडी वाढवून ताठपणा आणता येतो, पण मग वजन वाढलंच.

या दोन्ही गोष्टींचा मेळ एका आकड्यात दिसतो: लाकडातून आवाज किती वेगाने जातो. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्प्रूसच्या रेषांच्या दिशेने तो ५,००० ते ६,००० मीटर जातो, म्हणजे पोलादाच्या तोडीस तोड. फरक वजनात आहे. एक घनमीटर पोलाद ७,८५० किलो भरतं, तेवढंच स्प्रूस ४०० ते ४५० किलो. वेग तोच, वजन मात्र अठरावा हिस्सा. वेगाला घनतेने भागलं की फळी आवाज बाहेर फेकायला किती तयार आहे याचा अंदाज येतो. चांगल्या स्प्रूसचं उत्तर १२च्या आसपास येतं, मेपलचं ६च्या आसपास, शिसवीचं त्याहून थोडं कमी. स्प्रूसची मक्तेदारी या आकड्यामुळे आहे.

हे स्प्रूसलाच का जमतं? लाकूड म्हणजे लांबलचक पोकळ नळ्यांची घट्ट बांधलेली मोळी. नळीची भिंत सेल्युलोजच्या तंतूंनी ताठ, आत पोकळी. स्प्रूसच्या नळ्या लांब, सरळ आणि एकसारख्या असतात, मध्ये फारसा अडथळा नाही. मोळीच्या लांबीने आवाज सुसाट जातो, आडवा मात्र त्याच्या चौथाईच्या आसपास वेगाने. म्हणून गिटारच्या फळीला आतून पट्ट्या लावून आडवा ताठपणा वेगळा द्यावा लागतो.

स्प्रूस एकटंच या कामाचं आहे असं नाही. १९६०च्या दशकात स्पेनच्या होसे रामिरेस यांनी अभिजात गिटारसाठी वेस्टर्न रेड सीडर रूढ केलं. ते स्प्रूसहून हलकं, थोडं मऊ, आणि आवाजही वेगळा देतं. जपानी कोतो आणि चिनी गुझंग ही तंतुवाद्यं पॉलोनिया या झाडाच्या लाकडाची असतात, ज्याची घनता जेमतेम ३०० किलोपर्यंत जाते. सतार आणि तंबोऱ्याची तबली तून किंवा सागवानाची. ही दोन्ही लाकडं स्प्रूसइतकी हलकी नाहीत, पण मुरल्यावर ती हलत नाहीत, दमट हवेत फुगून दगा देत नाहीत. उष्ण प्रदेशातल्या वाद्याला हा गुण दोन आकडे जास्त मिळण्यापेक्षा मोलाचा आहे.

ज्यांनी गप्प बसायचं ते भाग

तबल्याचं खोड शिसमाचं का असतं? तिथे वाजायचं ते पुडीने. खोडाने हलायचं नाही, पुडीची शक्ती शोषायची नाही आणि वादीचा ताण वर्षानुवर्षं सोसायचा. म्हणजे जड, घट्ट, चिवट लाकूड हवं. मृदंग आणि सरस्वती वीणेला फणस लागतो. तो मध्यम जड, कोरायला बरा आणि मोठ्या व्यासात मिळणारा आहे.

क्लॅरिनेट आणि ओबोचा विचार तर अजून वेगळा. तिथे वाजते ती आतली हवा. नळीची भिंत जाड असते, ती जवळजवळ हलतच नाही. भिंतीकडून अपेक्षा एवढीच की आतलं भोक आरशासारखं गुळगुळीत होईल, भोकांच्या कडा धारदार राहतील आणि वादकाच्या श्वासातल्या ओलाव्याने माप बदलणार नाही. टांझानिया आणि मोझांबिकमध्ये वाढणारं आफ्रिकन ब्लॅकवुड यात अव्वल आहे. त्याची घनता १,२०० किलोच्या पुढे असते, पाण्यात टाकलं तर बुडतं, आणि लेथवर ते धातूसारखं कापलं जातं. लोक त्याच्या काळ्या रंगात ‘गडद’ आवाज शोधतात. माझ्या मते तो शोध डोळ्यांचा आहे, कानांचा नाही. बासरी चांदीची चालते, क्लॅरिनेट प्लास्टिकचं चालतं, हे विसरू नये.

मरिंबा आणि झायलोफोन याच्या अगदी उलट टोकाला. तिथे लाकडाची पट्टी हीच तार. मारल्यावर ती गुंजत राहायला हवी, म्हणजे आतल्या आत घर्षणात शक्ती वाया जायला नको. होंडुरास रोझवुड यासाठी नावाजलेलं आहे. मऊ लाकडावर मारलं की ‘ठक्’ होऊन संपतं, यावर मारलं की सूर निघतो.

आता वादाचा मुद्दा: गिटारची पाठ आणि बाजू. यांच्या लाकडावर जितकी चर्चा आणि जितका पैसा खर्च होतो, तितका कशावरच होत नाही. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ साली एक गिटार बनवली, तिची वरची फळी स्प्रूसची आणि पाठ-बाजू पुठ्ठ्याच्या. आवाज वरची फळी देते हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी एकसारख्या सहा गिटार बनवून घेतल्या, फक्त पाठ-बाजूंचं लाकूड प्रत्येकीला वेगळं. बावन्न वादकांनी त्या डोळ्यांवर काळे चष्मे लावून मंद उजेडात वाजवल्या. महाग आणि स्वस्त लाकडांत त्यांनी दिलेल्या गुणांचा फरक नगण्य निघाला. बरेच अनुभवी कारागीर हे मानत नाहीत, आणि पाठीने काहीच फरक पडत नाही असं मीही म्हणणार नाही. पण पहिलंच वाद्य करणाऱ्याने पाठीच्या लाकडावर पैसे उधळू नयेत, एवढं ठामपणे सांगता येतं.

तुकडा हातात घेतल्यावर

एकाच झाडातून काढलेल्या दोन फळ्यांत जितका फरक असू शकतो, तितका कधीकधी दोन जातींतही नसतो. म्हणून वखारीत फळीवरची चिठ्ठी वाचण्याआधी तिचं टोक बघावं.

टोकाला वाढवलयांच्या रेघा दिसतात. त्या फळीच्या रुंद पृष्ठभागाशी काटकोनात, म्हणजे उभ्या असतील, तर फळी खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत कापलेली आहे. तबलीसाठी आणि वरच्या फळीसाठी हीच हवी. रेघा आडव्या, कमानीसारख्या असतील तर ती बाजूला ठेवा. सुकताना लाकूड वलयांच्या दिशेत जितकं आकसतं, त्याच्या निम्म्यानेच ते मध्यापासून सालीकडच्या दिशेत आकसतं. स्प्रूसमध्ये हे आकडे ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ढोबळमानाने ८ आणि ४ टक्के आहेत. लांबीत तर ते नावालाच आकसतं. उभ्या रेघांची फळी म्हणूनच सपाट राहते, कमानीची फळी बाक घेते. शिवाय उभ्या रेघांच्या फळीला आडवा ताठपणाही चांगला असतो, तिरप्या रेघांत तो झपाट्याने घटतो. फळीच्या तोंडावर रेशमासारखी आडवी चमक दिसली, तर काप अगदी अचूक बसलाय असं समजावं.

गिटारची अर्धी फळी साधारण २० सेंटीमीटर रुंद लागते. एवढी रुंदी मध्यापासून सालीपर्यंत मिळायची, वर मधला गाभा आणि सालीलगतचा भाग सोडून द्यायचा, म्हणजे खोड अर्ध्या मीटरहून जाड हवं. सावकाश वाढलेलं झाड तिथवर पोचायला शतकाहून जास्त वेळ घेतं. चांगलं लाकूड दुर्मीळ का, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

दुसरी तपासणी कमी लोक करतात आणि माझ्या लेखी ती जास्त महत्त्वाची आहे. फळीच्या तोंडावर रेघा सरळ दिसल्या तरी आतले तंतू पृष्ठभागातून तिरपे बाहेर पडत असू शकतात. झाड वाढताना पीळ घेतं, करवत मात्र सरळ चालते. अशा फळीत आवाजाचा वेग घटतो आणि घोडीच्या ताणाखाली ती तडकण्याची भीती वाढते. ओळखायचं कसं? सर्वांत खात्रीचं म्हणजे ओंडका करवतीने न कापता पाचर ठोकून फोडणं. चीर तंतूंच्या वाटेनेच जाते, तिथे खोटेपणाला जागा नाही. फळी आधीच कापलेली असेल तर कडेची एक कपची फोडून बघा, किंवा शाईचा थेंब टाका. शाई तंतूंच्या दिशेने पसरते. जोडफळी (एकाच तुकड्याच्या मधून चिरलेल्या दोन फळ्या) पुस्तकासारखी उघडून मांडल्यावर एक बाजू उजळ आणि एक काळपट दिसत असेल, आणि बघणाऱ्याने जागा बदलली की छटा उलटत असेल, तर तंतू तिरपे आहेत.

वलयं मोजण्याचं वेड मात्र आवरावं. वलयं जितकी दाट तितका आवाज चांगला, असं सर्रास सांगितलं जातं. दाटपणापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. वलयांमधलं अंतर एक-दोन मिलिमीटर आणि कडेपासून कडेपर्यंत सावकाश बदलणारं असलं की पुरे. एका ठिकाणी दाट, पुढे एकदम विरळ, मग पुन्हा दाट अशी फळी ताठपणालाही तशीच बेभरवशाची असते. गाठ, राळेचे कप्पे, किड्यांची भोकं हे तर दिसतंच.

यापुढे डोळे पुरत नाहीत. वजनकाटा आणि फोन घ्या. समजा पट्टी ५० सेंटीमीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड आहे. आकारमान २०० घनसेंटीमीटर. वजन ८६ ग्रॅम भरलं तर घनता ४३० किलो. आता टोकापासून लांबीच्या २२ टक्क्यांवर, म्हणजे ११ सेंटीमीटरवर, पट्टी दोन बोटांत हलकेच धरा आणि मधोमध टिचकी मारा. ही जागा मनाची नाही. पट्टी पहिल्या सुरात कंप पावते तेव्हा नेमका हाच बिंदू स्थिर असतो, म्हणून तिथे धरल्याने सूर दबत नाही. फोनमधलं वारंवारता दाखवणारं एखादं अ‍ॅप ९० हर्ट्झ दाखवेल असं धरू. लांबीचा वर्ग मीटरमध्ये ०.२५, त्याला ९०ने गुणा, जाडी ०.००४ने भागा, आलेल्या उत्तराला ०.९७ने गुणा. साधारण ५,४५० मीटर प्रतिसेकंद. भागिले ४३०, म्हणजे १२.७. उत्तम फळी. जाडी मोजताना मात्र कंजूषपणा नको, कॅलिपर वापरा, कारण अर्ध्या मिलिमीटरची चूक इथे वेग आणि घनता दोन्ही बाराएक टक्क्यांनी हलवते.

टिचकीचा आवाज किती वेळ रेंगाळतो हेही ऐका. पटकन विझणारी फळी आत शक्ती खाते. कारागीर नुसत्या टिचकीवर लाकूड निवडतात ते या दोन गोष्टी एकदम ऐकून: सुराची उंची आणि त्याचं रेंगाळणं. फक्त वेगवेगळ्या मापांच्या फळ्यांवर टिचक्या मारून तुलना करण्यात अर्थ नाही. जाड फळी उंच बोलणारच.

पाणी निघून जाईपर्यंत

नुकत्या पाडलेल्या झाडात पाणी दोन जागी असतं: नळ्यांच्या पोकळीत आणि नळ्यांच्या भिंतींत. पोकळीतलं आधी जातं आणि तोवर लाकडाचा आकार बदलत नाही. ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास उतरला की भिंतींतलं पाणी निघू लागतं, आणि आकसणं, पिळवटणं, तडकणं हे सगळं तिथून पुढचं. वाद्यासाठी तो ६ ते १० टक्क्यांवर आणायचा असतो.

लाकूड टोकांमधून फार लवकर सुकतं, कारण नळ्यांची तोंडं तिथेच उघडी असतात. मधला भाग ओला आणि टोकं आकसलेली, की टोकाला चिरा पडल्याच. म्हणून ओंडका कापल्याबरोबर टोकांना मेण किंवा जाड रंग फासतात. फळ्यांच्या मध्ये काड्या ठेवून, वर वजन देऊन, सावलीत हवा खेळेल अशी रास रचतात. इंचभर जाडीला एक वर्ष हा सुतारांचा ढोबळ हिशेब आहे, पण हवेनुसार तो बराच मागेपुढे होतो. त्यापेक्षा फळीवर तारीख आणि वजन पेन्सिलने लिहून ठेवावं, दर महिन्याला तोलावं. वजन घटायचं थांबलं की ती तिथल्या हवेशी जुळली.

पन्नास वर्षं मुरवलेल्या लाकडाची महती थोडी सावधपणे घ्यावी. फळी हवेशी जुळल्यानंतरचे बदल अतिशय संथ असतात. लाकडाच्या भिंतींतलं हेमिसेल्युलोज (सेल्युलोजच्या जोडीचा एक घटक) हळूहळू विघटित होतं, फळी थोडी हलकी होते आणि ओलावा कमी ओढते. फायदा खरा आहे, पण लहान. हाच बदल लवकर घडवण्यासाठी लाकूड प्राणवायूविना तापवण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. त्या लाकडाचा रंग तपकिरी होतो आणि ते जरा ठिसूळही बनतं.

स्ट्रादिवारीचं नाव इथे निघणारच. त्यांची व्हायोलिनं १६४५ ते १७१५ या थंड काळात सावकाश वाढलेल्या झाडांमुळे अद्वितीय झाली, अशी मांडणी २००३ साली दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी केली. कल्पना देखणी आहे. पण त्याच जंगलांतलं लाकूड त्या काळच्या इतर कारागिरांनीही वापरलं. आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २१ व्हायोलिनवादकांना न दाखवता तीन नवी आणि तीन जुनी वाद्यं दिली, जुन्यांत दोन स्ट्रादिवारींची होती. बहुतेकांना आवडलेलं वाद्य नवं निघालं, आणि नवं कुठलं, जुनं कुठलं हेही त्यांना नीट सांगता आलं नाही.

शोधायचं कुठे

इमारती लाकडाच्या वखारीत ढिगातल्या शंभर फळ्यांत दोन-तीन उभ्या रेघांच्या निघतात, कारण ओंडक्याच्या मध्यातून गेलेला काप आपोआप तसाच पडतो. त्या वेचून घेणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. पाडलेल्या जुन्या घरांच्या तुळया आणि चौकटी दुसरी खाण; तिथे खिळे शोधायला धातुशोधक फिरवल्याशिवाय करवत लावू नये. भंगारात निघालेल्या पियानोची ध्वनिफळी तर आयतं मुरलेलं स्प्रूस. फळझाडांकडेही बघावं: नासपातीचे रेकॉर्डर (उभ्या धरून फुंकायच्या बासऱ्या) होतात, आर्मेनियाचं दुदुक हे फुंकवाद्य जर्दाळूच्या लाकडाचं असतं.

वादळात पडलेली झाडं मोहात पाडतात. ऑक्टोबर २०१८च्या वाया वादळाने उत्तर इटलीत लाखो झाडं लोळवली, त्यांत फिएम्मे खोऱ्यातली, जिथलं स्प्रूस व्हायोलिनसाठी शतकानुशतकं नेलं जातं, तीही होती. असं लाकूड वापरता येतं, पण वाऱ्याने वाकलेल्या खोडात दाबाने तंतू आतल्या आत चुरडलेले असू शकतात. रंधा मारल्यावर रेघांना आडव्या जाणाऱ्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर तो भाग सोडून द्या.

परदेशी जाती विकत घेताना कायदा बघावाच लागतो. धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने ब्राझिलियन रोझवुडचा व्यापार १९९२ पासून जवळजवळ बंद केला. परनांबुको २००७ मध्ये नियंत्रित यादीत आलं आणि २०२२ मध्ये त्याचे नियम आणखी कडक झाले. शिसम-शिसवीचं अख्खं कुळ जानेवारी २०१७ पासून यादीत आहे. तयार वाद्यांना आणि त्यांच्या तयार भागांना २०१९ मध्ये सूट मिळाली, ब्राझिलियन रोझवुड सोडून. कच्च्या फळीला ती सूट नाही, तिला सीमेवर परवाना लागतो. शिवाय ‘रोझवुड’ या व्यापारी नावाखाली भलत्याच कुळातली लाकडंही विकली जातात, आणि रंगवलेलं फिकट लाकूड एबनी म्हणून खपवणं जुनंच आहे. ओल्या फडक्याने घासून बघा, टोक भिंगाखाली धरा, आणि शास्त्रीय नाव पावतीवर लिहून मागा.

राहिली धूळ. शिसवी आणि तिच्या कुळातल्या बऱ्याच लाकडांच्या धुळीने कातडीला चट्टे उठतात, दम लागतो, आणि एकदा हा त्रास सुरू झाला की पुढे थोड्याशा धुळीनेही उसळतो. त्यामुळे करवतीचा पहिला हात मारण्याआधी नाकावर चांगला मास्क हवा, आणि घासकाम शक्यतो उघड्यावर करावं.